सूत्र कोणाच्या हाती? अहिल्यानगर जिल्ह्यातील काष्ठकाम : बलुत्यापासून संगणक-नियंत्रित यंत्रापर्यंत

प्रस्तावना :

'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. कावेत भिजवलेले सूत लाकडावर ताणून धरायचे, मधोमध उचलून सोडायचे आणि उमटलेल्या रेघेवर करवत चालवायची, ही सुताराच्या कामाची पहिली पायरी होय. लाकूड कापण्याआधी रेघ ठरते आणि रेघ ज्याच्या हातून उमटते तो सूत्रधार. लाकूडकामाचा इतिहास पाहताना 'कापणारा कोण' या प्रश्नाइतकाच 'रेघ ठरविणारा कोण' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आज अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावी फर्निचरच्या दुकानांमागे एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये 'सीएनसी राऊटर' नावाचे यंत्र दिसू लागले आहे. लोखंडी मेजावर आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा किंवा एमडीएफचा तक्ता घट्ट बसविलेला असतो. त्यावर गरगर फिरणारे पाते उजवी-डावीकडे, मागे-पुढे आणि खाली-वर अशा तीन दिशांना आपोआप सरकते. देव्हाऱ्याची जाळी, दरवाजावरील वेलबुट्टी, शिवरायांची उठावातील प्रतिमा, किल्ल्याची प्रतिकृती, खुर्चीचे सुटे भाग असे सर्व काही त्यातून तयार होते. यंत्र चालविणारा तरुण संगणकाच्या पडद्यासमोर बसलेला असतो आणि पडद्यावरील नक्षी त्याने स्वतः काढलेली असेलच असे नाही. बहुतेक वेळा ती तयार 'फाईल' असते.

या दृश्याकडे पाहण्याच्या दोन प्रचलित दृष्टी आहेत. एका दृष्टीने हे पारंपरिक कारागिरीचे मरण आहे, तर दुसऱ्या दृष्टीने तो प्रगतीचा अटळ टप्पा आहे. या दोन्ही दृष्टी इतिहासाला पुरेशा नाहीत, असे प्रस्तुत शोधनिबंधाचे प्रतिपादन आहे. आकाराचे ज्ञान कारागिराच्या हातातून बाहेर पडण्याची क्रिया संगणकाच्या फार आधी सुरू झाली होती. तिचा एक टप्पा अहमदनगर शहरातच, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडून गेला आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे :

१. जिल्ह्यातील काष्ठकामाच्या ज्ञानाचे स्वरूप बलुतेदारी, औद्योगिक शाळा आणि संगणक-नियंत्रित यंत्र या तीन टप्प्यांत समजून घेणे.
२. संख्यात्मक नियंत्रणाच्या जागतिक इतिहासाशी त्याचा संबंध तपासणे.
३. या बदलात पारंपरिक नमुन्यांच्या जतनाचा व मालकीचा प्रश्न मांडणे.

अभ्यासपद्धती : प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. लिखित साधनांबरोबरच लाकडी वस्तूवरील हत्यारांच्या खुणा हेही इतिहासाचे साधन मानले आहे.

बलुतेदारीतील सुतार :

१८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड अहमदनगर जिल्ह्याचा आहे. त्यात व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या ग्रंथात सुतार हा गावाच्या व्यवस्थेचा आवश्यक घटक म्हणून येतो. बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत त्याची गणना होती. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी, मोट यांचे लाकडी भाग करणे व दुरुस्त करणे हे त्याचे गावकीचे काम. त्याच्या मोबदल्यात सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने त्याला बलुते मिळे.

या कामातील ज्ञान सूक्ष्म होते. गाडीच्या चाकाचा तुंबा, त्यात बसणारे आरे आणि आऱ्यांवर चढणारे पुठ्ठे यांचे सांधे एकमेकांना आवळून धरतील अशा बेताने कापावे लागत. वरून लोहार तापलेली धाव चढवी. ती थंड होऊन आवळली की चाक एकजीव होई. सांधा सैल राहिला तर चाक खिळखिळे होई, फार घट्ट झाला तर आरा फुटे. पाभरीच्या दोन फणांतील अंतर जमिनीचा पोत आणि पीक पाहून ठरवावे लागे. बाभळीचे कोणते खोड तुंब्याला आणि कोणते जुवाला, हे झाड उभे असतानाच ओळखावे लागे. वाकस, करवत, रंधा, पटाशी, सामता, गुण्या एवढ्या हत्यारांवर हे सर्व चाले. मापे गज आणि तसू यांची असत. चोवीस तसूंचा एक गज. मात्र चाकाचे रेखाचित्र कोठेही नसे. ते सुताराच्या स्मरणात आणि हाताच्या सवयीत असे, व तेथून मुलाच्या हातात जाई.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. आत्र्यांनी बलुतेदारीतील कुचंबणा आणि ढिलाई यांवर सडकून टीका केली आहे. कसबी सुताराला आणि सुमार सुताराला मोबदला जवळपास सारखाच मिळत असेल, तर कसब वाढविण्याची प्रेरणा मर्यादित राहते. शिवाय हे ज्ञान जातीच्या चौकटीत बंद होते. इतर जातींतील मुलांना आणि सुतारांच्या घरातील मुलींनाही ते सहसा खुले नव्हते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. वस्तूचा आकार ठरविणारा आणि लाकूड कापणारा या व्यवस्थेत एकच होता. सूत्र त्याच्याच हाती होते.

वाड्यातील नक्षी आणि हत्याराच्या खुणा :

गावकीच्या कामाहून वेगळा असा सुतारकामाचा दुसरा प्रवाह वाड्यांच्या बांधकामात दिसतो. जामखेड तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव (१७२५). श्रीगोंदे येथे शिंद्यांचे वाडे. संगमनेरसारख्या व्यापारी गावांतही सागवानी वाड्यांची परंपरा होती. मराठेशाहीतील वाड्याची भाषाच लाकडाची आहे. सुरूच्या आकाराचे खांब, खांबाच्या माथ्यावरील हस्त, त्यांतून लोंबणारी केळफुले, महिरप, दाराच्या चौकटीवरील गणेशपट्टी, माथ्यावर कडीपाट, आणि मोठ्या दरवाजातील लहान दिंडी हे शब्द आजही जुन्या घरांतील माणसांच्या तोंडी आहेत.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी या लाकडावरील खुणा बोलक्या आहेत. वाकसाने तासलेल्या तुळईवर शिंपल्यासारखे उथळ खोलगे राहतात. हाताच्या करवतीच्या रेघा किंचित तिरक्या आणि असमान असतात, तर गोल यांत्रिक करवतीच्या रेघा कमानदार असतात. पटाशीने कोरलेल्या नक्षीत आतला कोपरा धारदार असतो आणि एकाच पट्टीवरील दोन फुले तंतोतंत सारखी नसतात. अशा खुणांवरून एखादी चौकट यंत्रपूर्व काळातील आहे की नंतर बदललेली, याचा अंदाज बांधता येतो. कागदपत्रांत ज्यांची नावे आली नाहीत, त्या कारागिरांनी मागे ठेवलेले हेच दस्तऐवज होत.

आज हे वाडे वेगाने उतरविले जात आहेत. वाटण्या, पडझड, जागेचे वाढलेले भाव अशी त्याची कारणे आहेत. उतरविलेले खांब आणि चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात. तेथून काही शहरांतील हॉटेलांच्या सजावटीत पोहोचतात, काहींचे फळे कापले जातात. खांब कोणत्या गावच्या कोणत्या घराचा, ही माहिती पहिल्याच व्यवहारात पुसली जाते.

औद्योगिक शाळा : रेघ कागदावर येते

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे आपले केंद्र स्थापन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मिशनच्या शैक्षणिक कार्याला औद्योगिक शिक्षणाची जोड मिळाली. मुंबईचे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाने चाललेली 'सर डी. एम. पेटिट स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट्‌स' ही त्या काळातील अहमदनगरची उल्लेखनीय संस्था होय. सुतारकाम व धातुकाम यांचे शिक्षण येथे दिले जाई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी निराधार झालेल्या मुलांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा अशा शिक्षणाला अधिकच महत्त्व आले.

या शिक्षणाने सुतारकामाच्या ज्ञानात मूलभूत बदल घडविला. एक तर ते जातीबाहेर आले. दुसरे असे की, पाहून शिकण्याऐवजी वर्गात बसून, मोजमापाच्या रेखाचित्रावरून शिकण्याची पद्धत आली. गज-तसूच्या जागी फूट-इंच आले. खुर्ची, टेबल, कपाट या वस्तूच मुळात नव्या होत्या. त्यांचा आकार गावच्या सुताराच्या स्मरणात असण्याचा प्रश्नच नव्हता. रेघ आता कागदावर होती आणि ती दुसऱ्या कोणीतरी काढलेली होती.

याच परंपरेतील एक व्यक्ती येथे विशेष विचारात घ्यावी लागते. डेव्हिड कॅरोल चर्चिल हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, या संस्थेत शिकलेले यंत्र-अभियंते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते मिशनचे औद्योगिक कार्यकर्ते म्हणून अहमदनगर येथे काम करीत होते. अहमदनगर हे त्या काळी हातमागावरील लुगड्यांचे मोठे केंद्र होते आणि गिरणीच्या कापडापुढे विणकर हतबल झाले होते. चर्चिल यांनी हातमागाचा वेग वाढविणारा सुधारित माग तयार केला. माग हे लाकडी यंत्र आहे. त्याची चौकट, फणी धरणारा भाग, पावड्या हे सर्व सुतारकाम. एका अभियंत्याने आकार ठरवायचा आणि स्थानिक सुतारांनी तो लाकडात उतरवायचा, असे श्रमविभाजन यात होते.

चर्चिल पुढे अमेरिकेस परतले आणि १९२२ साली केंटकी राज्यातील बेरिया येथे पत्नी एलिनॉर यांच्यासह 'चर्चिल वीव्हर्स' हा हातमाग उद्योग त्यांनी सुरू केला. २००७ पर्यंत तो चालला. तेथील विणकामाच्या नमुन्यांचा संग्रह केंटकीच्या इतिहास संस्थेने जतन केला आहे. अहमदनगरमध्ये ज्यांच्या हातून ते माग घडले त्या सुतारांची नावे मात्र आपल्याला सांगता येत नाहीत. ज्ञान कागदावर गेले की कागद ज्याचा, नाव त्याचे, हा धडा जिल्ह्याच्या इतिहासात याप्रमाणे आधीच लिहिला गेला आहे.

यंत्राचा जागतिक इतिहास लाकडापासूनच :

संगणक-नियंत्रित यंत्रे धातूसाठी निर्माण झाली आणि नंतर लाकडाकडे वळली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे अर्धसत्य आहे. यंत्रांच्या साहाय्याने एकसारख्या वस्तूंचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचा एक आद्य प्रयोग इंग्लंडमधील पोर्ट्स्मथच्या गोदीत झाला, आणि तो लाकडावरच. जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या करणारी यंत्रे मार्क ब्रुनेल यांनी कल्पिली आणि हेन्री मॉड्‌स्ले यांनी बनविली. १८०८ साली तेथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. ११० कुशल कारागिरांचे काम १० अकुशल माणसे करू लागली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्ड यांच्या मागावर छिद्रांकित पुठ्ठ्यांनी नक्षी नियंत्रित होऊ लागली होती. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड यांनी १८२० च्या सुमारास बंदुकीचा लाकडी दस्ता नमुन्यावरून आपोआप कोरणारे चरक-यंत्र तयार केले.

संख्यात्मक नियंत्रणाचे जनक मानले जाणारे जॉन पार्सन्स यांची कथाही लाकडापासून सुरू होते. १९४० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या पात्यांतील लाकडी पट्ट्या बनविण्याचे काम त्यांना मिळाले. त्यासाठी त्यांनी बंद पडलेल्या फर्निचर कारखान्याची जागा घेतली. पात्याचा वक्र आकार अचूक मिळावा म्हणून त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलन यांनी छिद्रांकित पत्रांच्या गणकयंत्रावर वक्ररेषेवरील बिंदूंचे अंक काढण्यास सुरुवात केली. प्रारंभी हे अंक वाचून दाखविले जात आणि त्याप्रमाणे कामगार यंत्राचे दांडे फिरवीत. माणसांऐवजी यंत्रानेच अंक वाचावेत, ही पुढची पायरी होती. अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर १९४९ मध्ये एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळा या कामात सहभागी झाली आणि १९५२ मध्ये छिद्रांकित फितीवर चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले.

याच काळात दुसराही एक मार्ग उपलब्ध होता. कुशल कारागीर यंत्र चालवीत असताना त्याच्या हालचाली फितीवर नोंदवायच्या आणि पुढे तीच फीत चालवून तशाच वस्तू काढायच्या. म्हणजे फीत यंत्राची, पण तिच्यातील कसब कारागिराचे. हा मार्ग मागे पडला. डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात असे दाखविले आहे की, ही निवड केवळ तांत्रिक गुणवत्तेवर झाली नाही. कामावरील नियंत्रण कार्यशाळेतून कार्यालयाकडे नेण्याची व्यवस्थापनाची आणि लष्कराची इच्छा तिच्यामागे होती. नोबल यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होण्याची गरज नाही. परंतु यंत्राचे आजचे रूप अटळ नव्हते, ते निवडलेले आहे, हा त्यांचा मुद्दा प्रस्तुत विषयाला थेट लागू पडतो.

जिल्ह्यातील स्थित्यंतर :

स्वातंत्र्योत्तर काळात जिल्ह्यातील सुताराचे काम दोन्ही बाजूंनी आटत गेले. प्रवरा परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि त्यामागोमाग जिल्ह्यात साखर कारखानदारी वाढली. ऊसवाहतुकीसाठी लाकडी चाकांच्या गाडीऐवजी रबरी टायरची गाडी आली. लोखंडी नांगर आणि पुढे ट्रॅक्टर यांनी शेतीच्या लाकडी अवजारांची जागा घेतली. मोटेची जागा इंजिनाने व विजेच्या पंपाने घेतली. १९७२ च्या दुष्काळाने जनावरे गेली, तशी त्यांच्यावर अवलंबून असलेली कामेही गेली. बलुते संपले आणि सुतार रोख मजुरीवर, पुढे फूट-चौरस फुटाच्या ठेक्यावर काम करू लागला. दशमान मापे कायद्याने आली, तरी कामावर 'सूत' टिकले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. 'दोन सूत कमी कर' हे वाक्य आजही कोणत्याही सुताराला कळते.

केंद्र शासनाच्या १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम हा व्यवसाय-अभ्यासक्रम होता. मात्र विद्यार्थ्यांचा ओढा यंत्रकामाकडे आणि वीजकामाकडे राहिला. दुसरीकडे अहमदनगरच्या औद्योगिक वसाहतीत अभियांत्रिकी उद्योग वाढले आणि संगणक-नियंत्रित यंत्रांवर धातूचे भाग काढणारा कामगारवर्ग तयार झाला. त्यामुळे लाकडासाठीचे राऊटर जिल्ह्यात आले तेव्हा ते चालविण्याचे ज्ञान सुताराच्या घरातून येण्यापेक्षा संगणक आणि यंत्रकाम शिकलेल्या तरुणाकडून येण्याची शक्यता अधिक होती. सूत्र आणि पटाशी यांची फारकत येथे सामाजिक पातळीवरही झालेली दिसते.

पाबळचा धडा :

या फारकतीला एक वेगळे उत्तर जिल्ह्याच्या सीमेलगतच दिले गेले आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुका अहिल्यानगरच्या पारनेर व श्रीगोंदे तालुक्यांना लागून आहे. त्या तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र. शाळेत नापास ठरलेल्या ग्रामीण मुलांनी बांधकाम, वेल्डिंग, सुतारकाम, वीजकाम, शेती यांतून विज्ञान शिकावे, हा तेथील प्रयोग. २००२ साली येथे एमआयटीच्या सहकार्याने 'फॅब लॅब' सुरू झाली. जगातील अशा पहिल्या काही प्रयोगशाळांत तिची गणना होते. संगणकावर आकार काढून तो लहान यंत्रांवर प्रत्यक्षात उतरविण्याची सोय गावातील मुलांना येथे मिळाली. एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांनी २००५ च्या 'फॅब' या ग्रंथात पाबळची दखल घेतली आहे.

येथे इतिहासाचा अभ्यासक क्षणभर थांबतो. विसाव्या शतकाच्या आरंभी एमआयटीत शिकलेला अभियंता अहमदनगरात येऊन विणकरांसाठी लाकडी माग घडवितो. शतकभराने त्याच संस्थेच्या सहकार्याने शेजारच्या तालुक्यात संगणक-नियंत्रित यंत्रे येतात. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही आणि तो लावूही नये. परंतु दोहोंमधील फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रसंगी आराखडा अभियंत्याचा होता आणि सुताराने तो अमलात आणायचा होता. दुसऱ्या प्रसंगी, निदान तत्त्वतः, आराखडा काढणारा आणि यंत्र चालविणारा विद्यार्थी एकच आहे. यंत्र संगणकाचे असले तरी रेघ पुन्हा करणाऱ्याच्या हाती देता येते, हे पाबळने दाखविले.

पुढील वर्षांत ही यंत्रे स्वस्त होत गेली. २००९ मध्ये आलेल्या 'जीआरबीएल' या मुक्त आज्ञावलीमुळे अगदी कमी किमतीच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरून तीन अक्षांचे यंत्र चालविणे शक्य झाले. २०११ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या 'विकिहाउस' या उपक्रमाने प्लायवूडच्या घराचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. म्हणजे कोणी आराखडा लपवितो, कोणी विकतो, तर कोणी वाटतो. यंत्र तिघांचेही काम करते.

यंत्राला काय येते आणि काय येत नाही :

यंत्राच्या मर्यादा तांत्रिक असल्या तरी त्यांचा अर्थ सांस्कृतिक आहे. गोल फिरणारे पाते आतला कोपरा कधीही धारदार कापू शकत नाही. सहा मिलिमीटर व्यासाचे पाते कोपऱ्यात तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतेच. खाचेत कुसू बसवायचे असेल तर एकतर कोपऱ्यात जादा भोक पाडावे लागते किंवा माणसाने पटाशी घेऊन कोपरा साफ करावा लागतो. तीन अक्षांचे यंत्र वरून जे दिसते तेवढेच कोरते. पाकळीखाली आत शिरलेली, मागून पोखरलेली नक्षी त्याच्या आवाक्याबाहेर असते. केळफुलाच्या पाकळ्या जुन्या सुताराने ज्या खोलीपर्यंत सोडविल्या आहेत, तेथे हे यंत्र पोहोचत नाही. सागाच्या रेषा कोठे उलटतात, गाठ कोठे आहे, हे त्याला समजत नाही. म्हणूनच ते एकजिनसी एमडीएफवर सुखाने चालते आणि अस्सल लाकडावर त्याला देखरेख लागते.

उलट, यंत्राची बलस्थानेही मान्य केली पाहिजेत. शंभर एकसारख्या जाळ्या, किल्ल्याच्या प्रतिकृतीचे अचूक थर, शाळेसाठी भूमितीची लाकडी साधने, जोडून-सोडून ठेवता येणारे बाक ही कामे ते थोड्या वेळात करते आणि कारागिराचे मनगट व डोळे वाचविते. मोडलेल्या गणेशपट्टीचा अर्धा भाग शाबूत असेल तर उरलेला अर्धा मोजून पुन्हा घडविता येतो. यंत्राने ढोबळ कापावे आणि सुताराने कोपरे, खोली व शेवटचा हात द्यावा, अशी विभागणी व्यवहारात शक्य आहे. तसे झाले तर सुतार यंत्राचा प्रतिस्पर्धी न राहता त्याचा परीक्षक होतो.

खरा प्रश्न : नमुना कोणाचा?

सर्वात चिंतेची बाब नमुन्यांची आहे. राऊटरच्या दुकानात वापरल्या जाणाऱ्या फायली मोठ्या प्रमाणावर एकमेकांकडून घेतलेल्या असतात. उठावाच्या कामासाठी दीर्घकाळ वापरात असलेले 'आर्टकॅम' हे सॉफ्टवेअर २०१८ मध्ये बंद झाले, तरी त्यावर तयार झालेले नमुने फिरतच राहिले. परिणामी पाथर्डीच्या घरातील देव्हारा आणि दूरच्या राज्यातील एखाद्या शहरातील देव्हारा यांवर तीच वेल, तोच मोर, तीच महिरप दिसते. सुरूचा खांब आणि केळफूल या जिल्ह्याच्या वाड्यांत होते. परंतु त्यांची मोजमापे घेतलेली नसल्याने त्यांची फाईल नाही, आणि फाईल नाही म्हणून ते नव्या कामात नाहीत. जे नोंदले गेले नाही ते यंत्रयुगात अस्तित्वातच राहत नाही.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा एखाद्या प्रदेशाच्या नावाचे संरक्षण करतो, आकाराच्या नकलेला तो अटकाव करीत नाही. २००० चा डिझाईन कायदा नव्या आणि मौलिक आकारांसाठी आहे, तीनशे वर्षे वापरात असलेल्या महिरपीसाठी नाही. शासनाच्या पीएम विश्वकर्मा योजनेत (२०२३) सुतारकामासह अठरा व्यवसायांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत सवलतीचे कर्ज अशी तिची रचना आहे. पंधरा हजारांत विजेचा रंधा व हातयंत्रे येतात, कामाचा राऊटर येत नाही. त्यासाठी कर्ज घ्यावे लागते, आणि कर्ज फेडायचे तर तयार फायलींवर भराभर काम काढावे लागते. साधन हाती आले तरी सूत्र हाती येईलच असे नाही, हा मुद्दा येथेही लागू होतो.

निष्कर्ष :

१. काष्ठकामातील आकाराचे ज्ञान स्मरणातून कागदावर आणि कागदावरून फाईलमध्ये गेले. संगणक-नियंत्रित यंत्र हा या दीर्घ प्रक्रियेचा ताजा टप्पा आहे, तिचा आरंभ नव्हे. अहमदनगरमधील औद्योगिक शिक्षण हा तिचा मधला व दुर्लक्षित दुवा होय.

२. प्रत्येक टप्प्यावर ज्ञान अधिक खुले झाले, हे जातिबद्ध व्यवस्थेच्या तुलनेत इष्टच होते. मात्र प्रत्येक टप्प्यावर करणाऱ्याचे नाव पुसले गेले, हे नुकसानही तितकेच खरे आहे.

३. यंत्राने कसबी हात अनावश्यक ठरविलेला नाही. आतला कोपरा, खोल नक्षी आणि लाकडाची पारख ही कामे आजही हाताचीच आहेत.

४. जिल्ह्यातील उरलेल्या वाड्यांच्या व जुन्या अवजारांच्या मोजणीचे काम तातडीचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांना स्थान मिळाले आहे. इतिहास विभागाने गाव आणि घर शोधावे, तंत्रनिकेतनाने मोजमाप घ्यावे, आणि वृद्ध सुताराने प्रत्येक भागाचे नाव व कारण सांगावे, अशी रचना महाविद्यालयांना सहज शक्य आहे. तयार होणारी प्रत्येक फाईल सर्वांसाठी खुली असावी आणि तिच्यावर गावाचे, घराचे व माहिती देणाऱ्या सुताराचे नाव असावे.

मागे राहिलेल्या रेखाचित्रांवर इतिहास लिहिला जातो. चर्चिल यांच्या मागाच्या बाबतीत आपण सुतारांची नावे टिपण्याची संधी गमावली. आज वाडे उतरत असताना आणि चाकाचा तुंबा घडविता येणारे हात मोजकेच उरले असताना तीच संधी पुन्हा समोर आहे. ती घेण्यासाठी लागणारे यंत्र महाग नाही. मोजपट्टी, कॅमेरा आणि सुताराशेजारी बसण्याची तयारी एवढ्यावर कामाचा आरंभ होऊ शकतो.